समुद्राकाठच्या अंगणातले लग्न: मे महिन्यात टिकेल अशी फुलांची सजावट कशी करावी?

ओटीवरची (९ फेब्रुवारी)

माझ्या पुतणीचे लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात करायचे ठरले आहे, आणि ते कार्यालयात न करता वेंगुर्ले आणि शिरोडा यांच्या दरम्यान असलेल्या आमच्या जुन्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, करावे, असा तिचाच आग्रह आहे. घराचे तोंड पश्चिमेला आहे. खळे संपले की माडांची एक रांग, त्यापुढे सुरूचे बन आणि लगेच समुद्र, असा सगळा मोकळा मामला आहे. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असून संध्याकाळी सहापासून गावजेवण आणि भेटीगाठी आहेत.

सजावटीसाठी एका व्यावसायिकाला बोलावले होते. त्याने दाखवलेल्या छायाचित्रांमध्ये दहा फुटी कमान होती (आमच्याकडे ती समुद्राकडे पाठ करून उभी करू, असे तो म्हणतो), तिच्यावर फिकट गुलाबी गुलाब, हायड्रेंजिया आणि जिप्सोफिला यांचे गुच्छ होते आणि प्रत्येक टेबलावर उंच काचेच्या नळकांड्यात फुले होती. छायाचित्रे देखणी होती हे मान्य करायलाच हवे. परंतु ती कुठल्या तरी वातानुकूलित सभागृहातली होती. आमच्या खळ्यात मे महिन्यात दुपारी ओटीवरचे वर्तमानपत्रसुद्धा जागेवर राहत नाही.

पुतणीला सुरंगी, अबोली, बकुळ आणि सोनचाफा हीच फुले हवी आहेत. तिचे म्हणणे असे की, ज्या झाडांखाली ती वाढली त्यांना सोडून आंबोली घाटातून गुलाब का आणायचे? मला तिचे म्हणणे पटते, पण केवळ हौसेवर एवढा मांडव सजेल का, याची शंका आहे. ज्यांनी किनाऱ्यावरची लग्ने स्वतः केली किंवा सजवली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटवाट (९ फेब्रुवारी)

मी रत्नागिरी परिसरात सजावटीचे काम करतो, त्यामुळे आधी वाऱ्याचेच सांगतो, कारण फुले निवडण्याआधी मांडवाची दिशा ठरवावी लागते. सकाळी जमिनीवरून येणारा वारा पडलेला असतो आणि नऊ-दहापर्यंत खळे शांत वाटते. जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, दुपारी दोन ते चारच्या सुमारास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सूर्य कलल्यावर तो हळूहळू ओसरतो. तुमचा साडेबाराचा मुहूर्त म्हणजे वारा नुकताच अंगात येण्याची वेळ आहे. समुद्राकडे पाठ केलेली मोकळी कमान म्हणजे त्या वेळी उभारलेले शीड होय. बोहले घराच्या भिंतीला पाठ लावून करावे, वधूवरांची तोंडे समुद्राकडे व्हावीत, आणि पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या झापांचा एक आडोसा कमरेएवढ्या उंचीपर्यंत उभा करावा. पूर्ण उंचीचा आडोसा केला तर वारा अडत नाही, तो आडोशालाच घेऊन जातो.

हायड्रेंजियाचा विचार सोडून द्यावा. त्याच्या पाकळीसारख्या दिसणाऱ्या दलांतून पाणी इतक्या वेगाने उडते की, कोरड्या वाऱ्यात दोन तासांत गुच्छ मान टाकतो. जिप्सोफिला टिकतो, पण खाऱ्या दमट हवेत मळकट दिसू लागतो. अँथुरियम, हेलिकोनिया आणि डेंड्रोबियम ऑर्किड ही मुळात उष्ण आणि दमट हवेतली फुले असल्यामुळे आपल्याकडे ती चांगली राहतात; मात्र त्यांना शीतपेटीत ठेवू नये, कारण साधारण दहा अंशांच्या खाली ती काळी पडतात. गुलाबाचे नेमके उलट असते, त्याला दोन ते चार अंशांची थंडी मानवते. दोन्ही एकाच पेटीत भरून पाठवणारे पुरवठादार मी पाहिले आहेत, म्हणून मागणी देतानाच हे स्पष्ट करावे.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती फक्त कोकणातच होऊ शकते. काही वर्षांपूर्वी देवगडकडे एका घरच्या लग्नासाठी मी आदल्या रात्री कार्नेशन आणि ऑर्किड आणून घराच्या मागच्या खोलीत पाण्याच्या बादल्यांमध्ये ठेवली. खोली थंड आणि अंधारी होती, म्हणून मी निर्धास्त झोपलो. पहाटे पाहतो तर कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटलेल्या आणि ऑर्किडची निम्मी फुले बादलीभोवती गळून पडलेली. पलीकडच्या कोपऱ्यात गवतात हापूसची अढी घातलेली होती. पिकणाऱ्या आंब्यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, तोच आंबे पिकवतो आणि तोच फुलांना म्हातारे करतो. मला ही गोष्ट पुस्तकातून माहीत होती, पण अढीचा वास इतका ओळखीचा की तो नाकाला जाणवलाच नाही. तुमच्या घरीही मे महिन्यात अढी असणारच. फुले दुसऱ्या टोकाच्या पडवीत ठेवा.

वळेसर (१० फेब्रुवारी)

ओटीवरची ताई, तुमच्या पुतणीची आवड उत्तम आहे, पण एक गोष्ट आजच सांगितली पाहिजे. सुरंगी मे महिन्यात मिळणार नाही. आमच्याकडे तुळस, आसोली, आरवली या पट्ट्यात सुरंगी आत्ता बहरली आहे. मार्च संपता संपता ती विरळ होते आणि मे उजाडेपर्यंत झाडावर पानेच उरतात. म्हणून ताज्या सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, लग्नात माळायचा, हा बेत मुहूर्त तरी बदलून करावा लागेल किंवा सोडून द्यावा लागेल.

तिसरा मार्ग आहे, आणि तो मला अधिक आवडतो. सुरंगीचा सुगंध वाळल्यावरही जात नाही. आत्ताच चांगल्या कळ्या घ्या, त्या सुपात पातळ पसरून सावलीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. उन्हात वाळवल्या तर रंग आणि वास दोन्ही उतरतात. लग्नाच्या दिवशी या वाळल्या कळ्या पातळ मलमलीच्या लहान पुरचुंड्यांत बांधून वधूच्या वेणीच्या आतल्या बाजूस, अंतरपाटाच्या दुमडीत आणि पाहुण्यांना द्यायच्या विड्याबरोबर ठेवता येतील. वास सुरंगीचा, दिसणे अबोलीचे, अशी वेणी मी माझ्या भाचीच्या लग्नात केली होती.

अबोली बाराही महिने असते, तिला वास नसतो, पण ती सकाळी माळली तर रात्रीपर्यंत टवटवीत राहते. किनाऱ्यावरच्या बायकांनी तिला उगाच इतके जवळ केलेले नाही. अबोली सुईने ओवू नये. तिची नळी नाजूक असते, म्हणून देठाशी दोऱ्याची गाठ देत देत गुंफावी, आणि दोरा केळीच्या वाखाचा असेल तर तो ओलावा धरून ठेवतो. बकुळीचे, म्हणजे आमच्या ओवळीचे, बरोबर उलटे आहे. तिचे फूल पहाटे आपोआप गळते, त्याच्या मधोमध भोक असते आणि मुलेसुद्धा सुईशिवाय तिची माळ ओवू शकतात. बकुळीची माळ कोमेजून तपकिरी झाली तरी वास देत राहते, त्यामुळे ती तीन-चार दिवस आधीपासून ओवून ठेवली तरी चालते. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी काढून ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या पानात गुंडाळून ठेवल्या तर त्या संध्याकाळी उमलतात. तुमच्या संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी मोगरा आणि दुपारच्या मुहूर्तासाठी अबोली, अशी वाटणी करावी.

सोनचाफ्यापासून मात्र सावध राहा. बोटाचा दाब पडला तरी तो काळा पडतो आणि वाऱ्यात त्याच्या पाकळ्या सुटतात. त्याच्या माळा करू नका. घरात तांब्याचे घंगाळ असेलच. ते ओटीच्या पायरीवर, वाऱ्याच्या आड, पाण्याने भरून त्यात सोनचाफ्याची फुले शेवटच्या तासात सोडा.

कुळागर (१२ फेब्रुवारी)

दापोलीकडे माझी नारळ-पोफळीची बाग आहे. फुलांविषयी वरच्या दोघांनी लिहिलेच आहे, म्हणून मी फुलांच्या आजूबाजूच्या गोष्टींविषयी लिहितो, कारण माझ्या मते कोकणातल्या मांडवात फुलांपेक्षा पाने आणि फळेच जास्त काम करतात. आंब्याचे टाळ, केळीचे खांब, माडाची पोय (फुलोरा), सुपारीचा शिपटा (घड) एवढे लावले की अर्धा मांडव सजलेला असतो आणि त्यांपैकी कशालाही पाण्याच्या बादलीची गरज नसते.

माझी सूचना अशी आहे की, गणपतीत आपण मूर्तीच्या वर जी माटवी, म्हणजे पानाफळांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधतो तिचाच मोठा अवतार मांडवाच्या छताला टांगावा. चतुर्थीला तिला कांगणे, कवंडळ, शेरवडे, कळलावी अशी पावसाळी रानसंपत्ती लागते. ती मे महिन्यात नसते, पण मे महिन्याची स्वतःची माटवी होऊ शकते. कच्चे आंबे देठासह, फणसाच्या कुयऱ्या, हिरवे काजू, शहाळ्यांचे लहान घड, सुपाऱ्या आणि मधूनमधून अबोलीचे सर असा जथा वरून लोंबला की त्याच्यापुढे काचेचे झुंबर फिके पडेल. ही सगळी फळे जड असल्यामुळे वारा त्यांना हलवतो, पण उडवत नाही.

यात दोन पथ्ये आहेत. आंबा काढल्या काढल्या टांगला तर देठातून चीक गळतो, तो पैठणीवर पडला तर डाग जात नाही आणि कातडीवर पडला तर चट्टा उठतो. म्हणून आंबे बोटभर देठ ठेवून आदल्या दिवशी काढावेत आणि देठ खाली करून चीक निथळू द्यावा. पिकलेले रातांबे आणि काजूची पिकलेली बोंडे मात्र मुळीच वर टांगू नयेत, ती गळतात आणि माश्या बोलावतात.

माडाविषयी एक विनंती आहे. हल्ली दक्षिणेकडच्या पद्धतीची कोवळ्या पिवळसर पातींची तोरणे लोकप्रिय झाली आहेत आणि ती दिसतातही सुंदर. पण त्यासाठी माडाच्या डोक्यातला न उघडलेला कोंब काढावा लागतो. माडाला वाढीचा एकच बिंदू असतो. त्याला इजा झाली तर झाडच जाते, आणि एका दिवसाच्या तोरणासाठी चाळीस वर्षांचा माड घालवणे मला तरी पटत नाही. खालच्या, वयस्क झावळ्यांच्या हिरव्या पातींचीही तोरणे वळता येतात. त्या झावळ्या तोडतानाही खोडाला लागून तोडू नयेत, साधारण चार फूट देठ ठेवून तोडाव्यात. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि आखूड देठातून तो थेट खोडात शिरतो.

आणखी एक. तामण त्या दिवसांत जांभळी फुललेली असेल आणि बहावा पिवळा. दोन्ही तोडून आणू नयेत, कारण तामणीच्या पाकळ्या तासाभरात चुरगळतात आणि बहावा सगळ्या खळ्यात सांडतो. घराजवळ झाड असेल तर पाहुण्यांची पंगत त्याच्याखाली मांडावी, म्हणजे सजावट आपोआप होईल.

हिशेबनीस (१३ फेब्रुवारी)

मी थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल राग नसावा. 'घरची फुले' या शब्दांत ती फुकट असल्याचा भास असतो. मे महिन्यात कोकणात प्रत्येक हात आंब्यात आणि काजूत गुंतलेला असतो. शंभर वळेसर, माटवीची बांधणी आणि झापांची विणणी या कामांसाठी माणसे कुठून येणार? व्यवहारात होते असे की, ही कामे घरातल्या आणि शेजारच्या बायका आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून करतात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रांत डोळे मिटलेल्या दिसतात. वळेसर करणाऱ्या बायकांना आत्ताच सांगून ठेवावे, अर्धी रक्कम आगाऊ द्यावी आणि बाजारभावाने पूर्ण मोल द्यावे. नातेवाईक म्हणून भाव पाडू नये.

झेंडूला मात्र कमी लेखू नये. तो स्वस्त आहे, वारा सोसतो आणि त्याचा हिशेब नीट बसतो. माझ्या मापाने मध्यम आकाराची दीडशेच्या आसपास फुले एका किलोत येतात, आणि ती मधोमध ओवली तर दहा-अकरा फूट माळ होते. त्यावरून खांब मोजा आणि मागणी द्या. सगळीकडे थोडे थोडे लावण्यापेक्षा प्रवेशाची जागा, बोहले आणि वधूचे केस या तीनच ठिकाणी भरभरून खर्च करावा, असे माझे मत आहे. टेबलांवर फुले ठेवूच नयेत. पाहुणा जेवायला बसला की तो पहिल्यांदा फुलदाणी बाजूला सरकवतो.

ओटीवरची (१३ फेब्रुवारी)

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीसांचा मुद्दा झोंबला, पण तो खरा आहे. आमच्या घरातल्या मागच्या लग्नात माझ्या जावेने अक्षरशः मंगलाष्टकांच्या वेळी डुलकी काढली होती. वळेसर ताईंचे वाचून आज सकाळीच शिरोड्याच्या बाजारातून सुरंगीच्या कळ्या आणल्या असून त्या माळ्यावर सावलीत पसरल्या आहेत. सगळे घर दरवळते आहे.

दोन शंका आहेत. माटवी बोहल्याच्या बरोबर वर टांगली तर लाजाहोमाच्या ज्वाळेचा धोका आहे का? आणि सजावटकार म्हणतो की, फुले खोचायला तो हिरवा स्पंज वापरावाच लागेल, त्याशिवाय मांडणी उभी राहत नाही. हे कितपत खरे आहे?

घाटवाट (१४ फेब्रुवारी)

होमाच्या वर काहीही टांगू नये. हिरवा झाप आणल्या दिवशी पेटत नाही, पण मे महिन्याच्या हवेत दोन दिवसांत तो कोरडा होतो आणि मग एक ठिणगी पुरते. माटवी पाहुण्यांच्या बाजूला, प्रवेशापासून बोहल्यापर्यंतच्या वाटेवर टांगा. बोहल्यावर केळीचे खांब, घराची भिंत आणि दोन्ही बाजूंना जमिनीलगत फुले एवढेच ठेवा. होमकुंडाजवळ वाळूची एक बादली ठेवून तिच्याभोवती आंब्याची पाने बांधली तर तीही सजावटीत खपून जाते.

हिरवा स्पंज १९५४ पासून बाजारात आहे आणि काम सोपे करतो, हे मी नाकारत नाही. मात्र तो एक प्रकारचे प्लास्टिकच आहे. तो कुजत नाही, चुरून बारीक होतो आणि ती भुकटी तुमच्या माडांच्या आळ्यात किंवा समुद्रात जाते. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आल्यानंतर मी पर्याय शोधू लागलो, तेव्हा कळले की तो माझ्या मागच्या दारी उभा होता. घड काढलेल्या केळीच्या खांबाचे हात-हात लांबीचे तुकडे करावेत आणि आडवे ठेवून सळईने भोके पाडून त्यांत देठ खोचावेत. केळीच्या खांबात जवळपास सगळे पाणीच असते, त्यामुळे जमिनीलगतची मांडणी एक दिवस आरामात टिकते. जाड देठाच्या फुलांसाठी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळून मडक्यात बसवावी. केळीचा चीक कपड्याला लागला तर कायमचा डाग पडतो, एवढे मात्र मांडणी करणाऱ्यांना बजावावे आणि तुकड्यांच्या कापलेल्या बाजूंना पाने गुंडाळावीत.

कण्हेर वापरणार असाल तर ती ताटांपासून आणि लहान मुलांपासून लांब ठेवा, ती विषारी असते. पाहुण्यांच्या पानाशेजारी कण्हेरीचे फूल ठेवलेले मी एकदा पाहिले आहे आणि स्वतः उठून काढले आहे.

ओटीवरची (२१ मे)

लग्न पार पडले. धागा वर आणते आहे, कारण झाले ते सांगणे मी तुमचे देणे लागते.

बोहले भिंतीला पाठ लावून केले, आणि मुहूर्ताच्या वेळी वारा आला तरी अंतरपाट सोडून काहीही उडाले नाही. अंतरपाट धरणाऱ्या दोघांना तो सावरताना नाकी नऊ आले, आणि दुमडीतली सुरंगीची पुरचुंडी सुटून सगळ्या कळ्या नवरदेवाच्या फेट्यावर पडल्या. भटजींनी क्षणभर थांबून श्वास घेतला आणि मग पुढचे मंगलाष्टक म्हटले. घंगाळातला सोनचाफा तासभर सुंदर दिसला. नंतर मुलांनी त्यात हात घातले आणि तो संपला.

चुकले ते असे. माटवीतल्या दोन शहाळ्यांच्या घडांचे वजन आम्ही कमी धरले होते, त्यामुळे चौकट एका बाजूला कलली आणि सकाळी सात वाजता दोन मुलांना शिडीवर चढून तिला दुहेरी सुंभ बांधावा लागला. झेंडू मागवला त्यापेक्षा वीस किलो कमी आला, कारण गाडी घाटात अडकली. तेवढी जागा आंब्याच्या टाळांनी भरली आणि कुणाच्या लक्षातही आले नाही. संध्याकाळी सात वाजता वळवाची सर आली तेव्हा मोगऱ्याचे गजरे माळून झाले होते, हे नशीब.

वळेसर करणाऱ्या चार बायकांना आधीच पूर्ण पैसे दिले होते. त्या आदल्या दिवशी दुपारी आल्या, दिवेलागणीला काम आटोपून घरी गेल्या आणि लग्नाला पाहुण्या म्हणून आल्या. निर्माल्य माडांच्या आळ्यांत घातले असून केळीचे तुकडेही तिथेच कुजत आहेत.

काहींनी खासगी संदेशातून माटवीच्या चौकटीचे माप विचारले आहे. माणगा बांबूची आठ फूट बाय सहा फूट चौकट केली, आत दर दीड फुटावर आडव्या काठ्या बांधल्या आणि शेवटी सहा ठिकाणी वर टांगली. आमच्यासारखी आधी चारच ठिकाणी टांगून पाहू नका. चौकट सोडलेली नाही, पडवीच्या वाशांना लावून ठेवली आहे. चतुर्थीला तीच वर चढेल, फक्त त्या वेळी आंब्यांच्या जागी कांगणे असतील.